सूर हरपलेल्या गोलंदाजावर पैसे लावावेत काय?

हिंगोली - सौदी अरेबियातील जेद्दाह येथे २४ व २५ नोव्हेंबर २०२४ रोजी आयपीएलचा महालिलाव झाला. त्यात पालघरच्या शार्दुल ठाकूरचे नाव पुकारले गेले तेव्हा दहा संघांपैकी एकानेही बोली लावली नाही. मूळ किंमत होती २ कोटी रुपये. त्यानंतर चारच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत केरळविरुद्ध त्याच्या चार षटकांत ६९ धावा निघाल्या. लिलावात पाठ फिरविणाऱ्यांचेच बरोबर होते, असे कोणालाही वाटावे अशी ती कामगिरी होती. तरीही चार महिन्यांच्या आत लखनौ सुपर जायंट्सने त्याच्याशी करार केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबई इंडियन्सने त्याला लखनौकडून आपल्याकडे वळविले. ज्याचा सूर हरपला आहे अशा गोलंदाजाला संघात घेणे हा व्यवहार आहे की भावनेचा खेळ, हा प्रश्न या दोन करारांच्या निमित्ताने तपासून पाहण्याजोगा आहे.

किमतीची घसरण

शार्दुलच्या उताराची कहाणी आकड्यांतून स्पष्ट दिसते. २०२१ मध्ये चेन्नई सुपर किंग्जने आयपीएल जिंकली, त्या मोसमात त्याने २१ बळी घेतले होते. त्या जोरावर २०२२ च्या लिलावात दिल्ली कॅपिटल्सने त्याच्यासाठी १० कोटी ७५ लाख रुपये मोजले. त्या वर्षी त्याला १५ बळी मिळाले. पुढच्या वर्षी कोलकाता नाईट रायडर्सने त्याच किमतीला त्याला दिल्लीकडून घेतले आणि ११ सामन्यांत अवघे ७ बळी पदरी पडले. २०२४ साठी चेन्नईने ४ कोटींना त्याला परत आणले, तेव्हा ९ सामन्यांत ५ बळी आणि षटकामागे पावणेदहा धावा असा हिशेब निघाला.

हीच आकडेवारी पैशांत मांडली तर चित्र अधिक बोलके होते. करारातील रकमेनुसार दिल्लीला त्याचा एक बळी सुमारे ७२ लाखांना पडला, कोलकात्याला दीड कोटीहून अधिक रकमेला आणि चेन्नईला ८० लाखांना. अशा गोलंदाजाकडे जेद्दाहमध्ये दहा संघांनी काणाडोळा केला, यात नवल ते काय?

नऊ सामन्यांचा पुरावा

अर्थात, या हिशेबाला दुसरी बाजू आहे. नऊ सामने म्हणजे जास्तीत जास्त ३६ षटके, २१६ चेंडू. कसोटी क्रिकेटमध्ये एखादा गोलंदाज तेवढे चेंडू एकाच सामन्यात टाकतो. एवढ्या अल्प पुराव्यावर एखाद्याची कारकीर्द निकालात काढणे धोक्याचे असते. एक-दोन झेल सुटले, एखादा फलंदाज भरात आला, की मोसमाची सरासरी बिघडते.

अमेरिकेतील बेसबॉल संघांना हा अनुभव फार जुना आहे. तेथे मुख्य गोलंदाज थकला, की शेवटच्या डावांसाठी ‘रिलीफ पिचर’ नावाचा ताज्या दमाचा गोलंदाज आणला जातो. तो थोडेच डाव टाकत असल्याने त्याचे आकडे वर्षागणिक वरखाली होतात. फर्नांडो रॉडनी हा असाच एक पिचर. २०११ मध्ये नऊ डावांमागे त्याची सरासरी साडेचार धावांची होती. टॅम्पा बे रेज या तुलनेने कमी पैशांच्या संघाने २०१२ साठी त्याला साडेसतरा लाख डॉलरना घेतले. त्या मोसमात त्याची सरासरी ०.६० वर आली आणि ४८ सामन्यांत त्याने संघाची आघाडी शेवटपर्यंत राखली. पुढच्याच वर्षी ती सरासरी पुन्हा ३.३८ वर गेली. पडत्या काळात स्वस्तात घेतलेला गोलंदाज मोठा लाभ देऊ शकतो. मात्र तो लाभ कायमचा समजू नये, असा दुहेरी बोध या उदाहरणातून मिळतो.

लखनौने काय पाहिले?

जून २०२४ मध्ये शार्दुलच्या पायावर शस्त्रक्रिया झाली होती. लिलाव झाला तो त्यानंतर पाच महिन्यांनी. म्हणजे त्या दिवशी संघांपुढे होता तो शस्त्रक्रियेतून सावरत असलेला गोलंदाज. त्याची खरी तब्येत कळली ती जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मधील रणजी सामन्यांत. जम्मू-काश्मीरविरुद्ध ५१ आणि ११९ धावा, मेघालयाविरुद्ध हॅटट्रिक, उपांत्यपूर्व सामन्यात हरियानाविरुद्ध एका डावात ६ बळी. मोसमाअखेर त्याच्या खात्यावर ३५ बळी आणि ५०५ धावा होत्या. लाल चेंडूवरील यश पांढऱ्या चेंडूवर जसेच्या तसे उतरत नाही, हे मान्य. परंतु पाय सुदृढ आहे, लय परतली आहे आणि माणूस दिवसभर गोलंदाजी करू शकतो, एवढे तरी त्यातून निश्चित कळते.

त्या वेळी लखनौचे मार्गदर्शक होते श्रीरामपूरचे झहीर खान. सूर हरपणे म्हणजे काय, हे त्यांना सांगण्याची गरज नव्हती. भारतीय संघाबाहेर असताना २००६ चा इंग्लिश मोसम ते वूस्टरशायर कौंटीकडून खेळले, ७८ बळी घेतले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर भारतीय संघात परतले. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेणारे झहीर हेच.

मोहसीन खान जायबंदी झाल्याने २३ मार्च २०२५ रोजी लखनौने शार्दुलला २ कोटींना करारबद्ध केले. १२० कोटींच्या मर्यादेत ही रक्कम पावणेदोन टक्क्यांहूनही कमी होती. दुसऱ्याच सामन्यात, २७ मार्चला हैदराबादेत त्याने ३४ धावांत ४ बळी घेतले आणि आयपीएलमधील बळींचे शतक पूर्ण केले.

निकाल संमिश्रच

येथेच कहाणी संपविली तर ती गोड होईल, पण अपुरी राहील. ८ एप्रिलला कोलकात्यात त्याने एकाच षटकात सलग पाच वाइड टाकले. ते षटक ११ चेंडूंचे झाले. गंमत अशी, की त्याच षटकाच्या अखेरीस अजिंक्य रहाणे त्याच्याच चेंडूवर बाद झाला आणि सामना लखनौने चार धावांनी जिंकला. शार्दुलचे सारे गुणदोष त्या एका षटकात सामावलेले आहेत. मोसमाअखेर १० सामन्यांत १३ बळी मिळाले, पण षटकामागे ११ धावा गेल्या. लखनौ सातव्या स्थानावर राहिला.

बळींची किंमत काढली तर एक बळी सुमारे १५ लाखांना पडला. व्यवहार म्हणून सौदा निःसंशय फायद्याचा ठरला. धावा मात्र पूर्वीपेक्षाही महाग झाल्या होत्या. म्हणजे गोलंदाज सुधारला यापेक्षा त्याची किंमत वास्तवावर आली, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

तरुणांच्या वाट्याचे काय?

अशा कराराला एक गंभीर आक्षेप आहे. जुन्या नावाला दिलेली जागा नव्या मुलाची असते. मुंबई इंडियन्सनेच ३१ मार्च २०२५ रोजी वानखेडेवर अश्वनी कुमार या ३० लाखांच्या गोलंदाजाला पदार्पणाची संधी दिली आणि त्याने २४ धावांत ४ बळी घेतले. मग दोन कोटी कशासाठी?

त्यातच २०२३ पासून लागू झालेल्या ‘इम्पॅक्ट प्लेअर’ नियमाने शार्दुलसारख्यांचे मोल आणखी घटविले. संघाला एक जादा फलंदाज मिळू लागल्यावर आठव्या क्रमांकावर फटकेबाजी करणाऱ्या गोलंदाजाची निकड कमी झाली. या नियमाने अष्टपैलूंचे नुकसान होते, असे मत रोहित शर्माने २०२४ मध्ये जाहीरपणे मांडले होते.

हा आक्षेप वजनदार आहे; पण तो जादा किमतीला आणि चुकीच्या भूमिकेला लागू पडतो. शार्दुलला घेताना मुंबईने जसप्रीत बुमराह, ट्रेंट बोल्ट आणि दीपक चहर यांनाही राखून ठेवले. या तिघांमागे चौथा वेगवान गोलंदाज म्हणून, जमलेली जोडी फोडण्यासाठी, दोन किंवा तीन षटकांपुरता वापर करावयाचा असेल तर २ कोटींचा हा निर्णय योग्य होता, असे आमचे मत आहे. हाणामारीच्या अखेरच्या षटकांचा भार त्याच्यावर टाकावयाचा असेल, तर २०२५ चे आकडे त्याच्या विरोधात जातात.

थोडक्यात, तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज असा करार करू नये. घसरण दुखापतीमुळे झाली की कौशल्य आटल्यामुळे? संघाला त्याच्याकडून नेमकी किती षटके हवी आहेत? आणि किंमत नावाची मोजली जात आहे की आजच्या खेळाची? लखनौकडे पहिल्या प्रश्नाचे उत्तर रणजीच्या धावफलकात होते आणि तिसऱ्याचे करारातच. दुसऱ्याचे उत्तर मात्र मोसमभर सापडले नाही.

हा विषय केवळ कोट्यधीश संघमालकांचा नाही. शार्दुल पालघरहून लोकलने प्रवास करीत मुंबई क्रिकेटमध्ये आला. हिंगोलीचा मुलगा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो आणि संघटनेचे गहुंजे येथील मैदान येथून चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. एवढा प्रवास करून निवड चाचणीला पोहोचणाऱ्या गोलंदाजाला एका वाईट दिवसावरून मोडीत काढले, तर दुसरी संधी मिळेलच याची शाश्वती नसते. शार्दुलच्या मागे भारताकडून खेळल्याची पुण्याई होती, म्हणून त्याचे रणजी बळी कोणीतरी मोजले. ज्याच्या मागे ती नाही, त्याचे स्थानिक सामन्यांतील बळी मोजण्याची तसदी निवडकर्ते घेतील, तर पुढचा शार्दुल त्यांना दोन कोटींहून पुष्कळ स्वस्तात मिळेल.