‘शिवकालीन’ फड नावाची सोय

१/
होळी सरली की भोर आणि वेल्हे परिसरांत जत्रांचा हंगाम सुरू होतो. पालखी, छबिना, तमाशा आणि दुपारच्या उन्हात कुस्त्यांचा फड, हा क्रम गावोगाव ठरलेला. या फडांच्या फलकांवर एक विशेषण हमखास आढळते : ‘शिवकालीन परंपरा’. इतिहास म्हणून हे विशेषण निराधार आहे आणि व्यवहार म्हणून घातक. ते कसे, याचा हा धागा.

२/
आधी जे निर्विवाद आहे ते मान्य करू. मल्लविद्या प्राचीन आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांचा आहार, सराव आणि झुंजी यांचे तपशीलवार वर्णन आहे. शिवकाळात मावळात कुस्ती होती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. वाद आहे तो आजच्या फडाच्या रचनेविषयी : वर्गणीचे रोख इनाम, छापील जोडी, पुरस्कर्त्यांची नावे, लाखाची शेवटची कुस्ती आणि चांदीची गदा.

३/
शिवकाळाचे अस्सल कागद हवे असतील, तर ते याच भूमीत आहेत. भोर तालुक्यातील कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातून ‘जेधे शकावली’ आणि ‘जेधे करीना’ उपलब्ध झाले. मोहिमा, जन्ममृत्यू, वतनाचे तंटे, मानपान, असा त्यांचा विषय. फलक छापणाऱ्यांपैकी कोणी या कागदांतील एक ओळ पुराव्यादाखल पुढे केल्याचे दिसत नाही. ज्या हिरडस मावळात आणि गुंजण मावळात खरा इतिहास पावलोपावली आहे, तिथेच खोट्याची गरज का पडावी?

४/
फडाची भाषाही या दाव्याला साथ देत नाही. ‘कुस्ती’ आणि ‘पैलवान’ हे शब्द फारसीतून आले, ‘तालीम’ अरबीतून. ‘वस्ताद’ हे फारसी ‘उस्ताद’चे मराठी रूप. ‘मल्ल’ आणि ‘आखाडा’ संस्कृताच्या वंशातले. एकाच मातीत इतक्या कुळांचे शब्द एकत्र नांदतात, याचा अर्थ ही विद्या अनेक हातांनी घडवली. तिला एकाच काळाचे आणि एकाच घराण्याचे लेबल लावणे म्हणजे उरलेल्या हातांचे श्रेय पुसणे.

५/
आता फड चालतो कसा, ते पाहू. घरटी वर्गणी जमते. मुंबई-पुण्यास पोटापाण्यासाठी गेलेले गावकरी जत्रेला परततात आणि आपला वाटा घालतात. आरंभी लहान मुलांच्या रेवड्यांवरील कुस्त्या, मग शेकड्यांच्या, मग हजारांच्या. हलगी कडाडते, पैलवान फडाला फेरी मारतात, पंच जोड लावतात. चितपट झाली तर इनाम एकाचे. वेळेत निकाल न लागल्यास बरोबरीत सोडवून इनाम विभागले जाते. सर्वांत मोठ्या रकमेची कुस्ती शेवटी.

६/
या शेवटच्या कुस्तीला अनेकजण ‘अंतिम सामना’ समजतात. तो गैरसमज आहे. तिथे उभे राहणारे दोघे कोणाला हरवत तिथवर आलेले नसतात. त्यांना समितीने बोलावलेले असते. नाव, वजन, वस्तादाची ओळख आणि इनाम देणाऱ्याची पसंती यांवर ती जोड ठरते. म्हणजे ही निमंत्रणाची लढत आहे. निमंत्रणात गैर काही नाही. परंतु निमंत्रण देणाऱ्याच्या हाती सत्ता असते, आणि सत्तेला प्रश्न विचारावे लागतात.

७/
निमंत्रणावर चालणाऱ्या लढतींचा इतिहास अमेरिकेत बारकाईने नोंदला गेला आहे. तिथे महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम संपल्यावर ‘बोल’ नावाचे सामने होतात. त्यांतला पहिला १ जानेवारी १९०२ रोजी कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे झाला. निमित्त होते तिथल्या गुलाबांच्या उत्सवाचे. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असे लोळवले. सामना इतका एकतर्फी झाला, की आयोजकांनी पुढे फुटबॉल वगळून रथांच्या शर्यतींसारखे खेळ ठेवले. फुटबॉल परतला तो १९१६ मध्ये. उत्सव मुख्य, खेळ त्याची शोभा. आपल्या जत्रेशी हे नाते सहज ओळखू येईल.

८/
त्या निमंत्रणाची काळी बाजूही तिथल्या इतिहासकारांनी लपवली नाही. १९५१ साली सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा संघ अपराजित राहिला. ओली मॅटसन आणि बर्ल टोलर या कृष्णवर्णीय खेळाडूंना मागे ठेवून येण्याची अट संघाने धुडकावली. बोलचे निमंत्रण आले नाही. खर्च झेपेना म्हणून त्या हंगामानंतर विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. ‘आमची जुनी रीत’ ही सबब तेव्हाही होती. आज त्या संघाचे नाव आदराने घेतले जाते आणि अट घालणाऱ्यांची रीत लज्जेचा विषय ठरली आहे.

९/
आपल्याकडे निमंत्रणाची ही सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात गेली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ चे. संस्थानिकांचा आश्रय हा त्या काळातील कुस्तीचा कणा होता. १९४८ मध्ये भोरसह दख्खनची संस्थाने विलीन झाली आणि तो आश्रय संपत गेला. पुढे गावची वर्गणी, सहकारी संस्था, पुढारी आणि अलीकडे जमिनीच्या व्यवहारांतील पैसा यांनी ती जागा घेतली. आजचा फड विसाव्या शतकातील या उलथापालथीचे अपत्य आहे.

१०/
त्याचा सर्वांत तेजस्वी पुरावा खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, उरलेले लोकांकडून जमले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्या भरवून, त्या खेळून त्यांनी प्राचार्यांचे घर सोडवले.

११/
अभिमानच हवा असेल तर तो इथे आहे. शासनाने हात आखडता घेतला तेव्हा लोकवर्गणीने आणि इनामाच्या कुस्तीने एका मल्लाला ऑलिंपिकला पाठवले आणि कर्जमुक्त केले. तारखांसह नोंदलेली ही परंपरा सोडून फलकावर साडेतीनशे वर्षांपूर्वीचा निराधार दावा छापणे, हा पूर्वजांचा गौरव कसा?

१२/
फडाच्या मनमानीवर उपायही मराठी माणसांनीच शोधला. १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली. १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ किताब सुरू झाला. निवड चाचणी, वजनगट, गुण, पंच, सारे नियमाने. तिथेही वाद होतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पंचांच्या निर्णयावरून झालेला गोंधळ सर्वांनी पाहिला. दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. निर्णय योग्य की अयोग्य, यावर वाद घालता आला, कारण दाद मागण्यासाठी नियम होता. जत्रेच्या फडात पैलवानाने दाद कोणाकडे मागावी?

१३/
‘शिवकालीन’ या शब्दाची सोय इथे कळते. जाहीर केलेले इनाम पूर्ण हाती पडले नाही, मान मुरगळली तरी डॉक्टर नव्हता, शेवटची कुस्ती नुरा निघाली, असे प्रश्न आले की ‘परंपरा आहे, पैशाचे काय बोलता’ हे उत्तर तयार असते. खुराकाचा वर्षभराचा खर्च या दोनतीन महिन्यांच्या इनामांतून भागवणाऱ्या पैलवानाला ते उत्तर पुरत नाही. परंपरेच्या नावाने मागितलेले मौन त्याच्या पोटावर येते.

१४/
जत्रेत जबाबदारी कोणाची, हे न ठरल्यास काय होते, हे भोरकरांना सांगावे लागू नये. शेजारच्या वाई तालुक्यात मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे भाविक मेले. त्यानंतर न्यायमूर्ती कोचर आयोग नेमावा लागला. श्रद्धा तिथेही जुनी होती. कमी पडली ती व्यवस्था.

१५/
आणखी एक कसोटी. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी विजेती ठरली. आता जत्रांतही मुलींच्या कुस्त्या लागतात आणि गाव टाळ्या वाजवते. फड साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या रीतीनेच चालावा, असे म्हणणाऱ्यांना या मुलींना कोणत्या आधारावर मातीत उतरवता येईल? गाव मात्र फलकापेक्षा शहाणे निघाले. त्याने रीत बदलली.

१६/
आक्षेप येईल : ‘एका शब्दाने काय बिघडते? अस्मितेमुळे वर्गणी तरी जमते.’ वर्गणी अस्मितेच्या फलकाआधीही जमत होती, आणि रेवडीवर लढणाऱ्या पोराला टाळी देणाऱ्या माणसाला कोणत्याही विशेषणाची गरज भासली नव्हती. शिवाय शिवकाळाचेच नाव घ्यायचे, तर हिशेबाची आणि शिस्तीची त्या काळची आज्ञापत्रेही आठवावीत. नाव महाराजांचे आणि कारभार तोंडी, हे दोन्ही एकत्र शोभत नाही.

१७/
म्हणून मागणी साधी आहे. ‘शिवकालीन’ हा शब्द फलकावरून उतरवा आणि त्या जागी चार ओळी छापा : जोड कोणी ठरवली, इनामाची रक्कम किती आणि ती कधी मिळणार, फडावर डॉक्टर कोण, आणि जमाखर्च ग्रामसभेत कोणत्या दिवशी वाचला जाणार. तोरणा आणि राजगड आपल्या जागी खंबीर उभे आहेत. त्यांना फलकाच्या आधाराची गरज नाही. आधाराची गरज आहे ती फडात उतरणाऱ्या पैलवानाला.

(धागा समाप्त)