काडी कोणाची, रान कोणाचे?

वेल्ह्याहून केळदमार्गे मढे घाटाकडे जाताना पासली लागते. उन्हाळा चढू लागला की या पट्ट्यातील डोंगर रात्री पेटतात आणि 'अज्ञात इसमाने वणवा लावला' अशी बातमी येते. इसम अज्ञात असतो; बोट मात्र गुराख्याकडेच वळते.

काडी माणूसच ओढतो, हे आपण नाकारू नये. सह्याद्रीत ऐन उन्हाळ्यात आपोआप आग लागणे विरळाच. गवत जाळले की नवे जोमाने येते ही समजूत आहे, राब भाजताना आग बांधाबाहेर जाते. पण सहलीला आलेल्यांची सिगारेट आहे आणि विकत घेतलेला डोंगर फुकटात साफ करू पाहणारा जमीनमालकही आहे. त्यांचे नाव पंचनाम्यात क्वचितच येते.

आपल्यातील काही मित्र वणव्याला शहरी निसर्गप्रेमींचा छंद समजतात. हे चूक आहे. वणव्यात काय जळते ते पाहावे. ऐनाची साल जाड, त्यामुळे वाढलेले झाड तगते. मुसळी, रानहळद यांचे कंद जमिनीखाली सुरक्षित राहतात. परंतु जांभूळ, अंजन यांची कोवळी रोपे एका झळीत मरतात. आग दहा-पंधरा वर्षांतून एकदा आली तर ती मधल्या काळात हाताबाहेर वाढतात. दरवर्षी आली तर जुनी झाडे म्हातारी होत जातात आणि मागून कोणी येत नाही. सदाहरित रानाची कड मागे सरकते, तिथे कुसळी माजते, आणि कुसळी पुढच्या आगीचे सरपण होते. कारवीचे तर विशेषच. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. त्याच उन्हाळ्यात वणवा आला तर वाळलेल्या काठ्यांबरोबर पुढची पिढीही जाते. कारवीच्या कुडाचे घर ज्याने बांधले आहे त्याला हे नुकसान समजावून सांगावे लागत नाही. सरपणाची मोळी दोन कोस लांबून आणावी लागते ती बाईलाच.

त्यात हवामान बदलले आहे. 2024 साली पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक युगापूर्वीपेक्षा सुमारे 1.55 अंशांनी अधिक होते. हवा तापली की पाचोळा लवकर वाळतो. ही उष्णता पासलीच्या चुलींनी निर्माण केलेली नाही.

सरकारचे उत्तर 1927 च्या भारतीय वन कायद्यात आहे. त्याच्या कलम 26 नुसार राखीव वनात जाणूनबुजून वा घोर हलगर्जीपणाने आग लागली तर, गुन्हेगाराला शिक्षा झाली असली तरीही, त्या वनातील चराईचे व वनोपजाचे सर्व हक्क राज्य सरकार स्थगित करू शकते. कलम 79 नुसार हक्कदारांनी आग विझवायला धावायचे तेही बंधन आहेच. म्हणजे विझवण्याची सक्ती सर्वांवर आणि एकाच्या काडीची शिक्षाही सर्वांना! गोऱ्या साहेबाने लिहिलेले हे न्यायशास्त्र स्वतंत्र भारताने जपून ठेवले. 2019 च्या मसुद्यात तर वनाधिकाऱ्यांना शस्त्र वापरण्याचे वाढीव अधिकार द्यायचे घाटत होते. विरोध झाल्यावर तो मसुदा त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. आणि याच राज्याने शेजारी मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरांवर लवासा उभारू दिले. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर 2010 मध्ये नोटीस काढली तेव्हा डोंगर कापून झाले होते.

बंदीने रान वाचते असेही नाही. कर्नाटकातील बिळिगिरीरंगन डोंगरातले सोलिग लोक हंगामाच्या आरंभी पाचोळ्याची हलकी आग लावीत. 1974 साली अभयारण्य झाले आणि ती प्रथा बंद पाडली गेली. घाणेरी माजली, आवळ्यावर बांडगुळे वाढली. सोलिगांचे म्हणणे असे की आमची आग थांबवल्याचे हे फळ. पासलीचे रान ओलसर, तिथे हाच उपाय लागू पडेल असे नव्हे. कोणत्या कड्यावर जाळरेषा काढायची आणि कोणत्या राहाटीत ठिणगीही जाऊ द्यायची नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिथे राहणाऱ्याला हवा, एवढेच म्हणणे आहे. कॅलिफोर्नियात 2018 साली पॅराडाइज गाव जळाले, 85 माणसे मेली. ती आग पीजी अँड ई या वीज कंपनीच्या जुनाट वाहिनीतून लागली होती. 2020 मध्ये कंपनीने 84 मृत्यूंबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल केला. तिथे गुराखी सापडला नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखाने तो 2009 मध्ये मिळवला. वेल्ह्यात अडचण आहे ती बिगर-आदिवासींना लावलेल्या तीन पिढ्यांच्या, म्हणजे 75 वर्षांच्या, अटीची. कागद मागून अर्ज फेटाळले जातात. पण त्याच कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांची लेखी जबानी पुरावा म्हणून ग्राह्य धरली आहे. ज्यांना जुनी चराई, जुन्या पाणवाटा, जुन्या राहाट्या आठवतात ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. तालुक्यातील कार्यकर्त्यांनी पुढचा उन्हाळा येण्यापूर्वी वाड्यावस्त्यांवर जाऊन या जबान्या लिहून घ्याव्यात आणि ग्रामसभा बोलावून वनहक्क समितीपुढे ठेवाव्यात. जाळरेषेवर राबणाऱ्या मजुराची मजुरी हंगाम संपण्याआधी मिळावी, ही मागणीही त्याच सभेत मांडावी.