मुक्या बाळंतिणीची खोली

घरांत बाळंतपण निघालें म्हणजे आपल्याकडील वडीलधारी मंडळी महिनाभर आधीं तयारीस लागतात. खोली झाडून-पुसून घेतली जाते, जुनीं मऊ लुगडीं धुऊन त्यांच्या घड्या रचल्या जातात, डिंक, अळीव, खसखस डब्यांत भरून ठेवण्यांत येतात, आणि वारा लागूं नये म्हणून दारास पडदा चढतो. या व्यवस्थेचा अनुभव आमच्या वाचकभगिनींस आमच्याहून कितीतरी अधिक आहे, व त्याविषयीं त्यांस चार शब्द सांगण्याचें धार्ष्ट्य आम्ही करणार नाहीं. परंतु आज कित्येक कुटुंबांत एखादी लहानशी कुत्रीहि घरचीच होऊन राहिलेली असते. तिचे दिवस भरत आले म्हणजे "जनावरच तें, आपलें आपण पाहून घेईल" असें म्हणून आपण मोकळे होतों. किंवा दुसऱ्या टोकास जाऊन माणसाच्या बाळंतपणाचे सारे उपचार तिच्यावर करूं पाहतों. यांपैकीं दुसरी चूक आमच्या घरीं घडली. ती प्रांजळपणें सांगावी व तिच्यापासून आम्ही जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच आजच्या लेखाचा हेतु.

आमच्या घरच्या कुत्रीचें नांव ठमी. जात पॉमेरेनियन, वजन पांच किलोच्या आंतबाहेर. परंतु दाराशीं कोणी आलें कीं तिचा रुबाब एखाद्या किल्लेदाराचा! सन २०२२ च्या डिसेंबरांत ती पहिल्यानें विण्यास झाली. पुण्याच्या त्या दिवसांतील गारठा सर्वांस ठाऊक आहे. पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. "तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आंत घ्यावयाची नाहीं," असा दंडक आमच्या मातोश्रींनीं आरंभापासून घातला होता. पण तिचें जड झालेलें पोट पाहून सर्वांआधीं त्यांचेंच मन द्रवलें. जिन्याखालच्या कोपऱ्यांत त्यांनीं पुठ्ठ्याचें मोठें खोकें ठेवलें, आणि आपल्या हातची, जुन्या नऊवारी लुगड्यांची चांगली जाडजूड गोधडी चौपदरी दुमडून त्यांत घातली. वर लोकरीची एक शाल. तो बिछाना पाहून आम्हीहि मनांत म्हटलें कीं, यापरतें सुख तें कोणतें?

रात्रीं ठमीला तीन पिलें झालीं. ती सुखरूप सुटली असें पाहून आम्ही निजलों. सकाळीं पाहतों तों तिच्या कुशींत दोनच! पुष्कळ शोधल्यावर तिसरें गोधडीच्या एका आंतल्या घडींत सांपडलें, गार, निश्चेष्ट. अंगावर ओरखडासुद्धां नव्हता. ठमीनें रात्रभर गोधडी उकरली होती, घड्या उलटसुलट झाल्या होत्या, आणि त्यांतल्याच एकींत तें आंधळें पोर सरकून गेलें होतें. आईची कूस तेथून वीतभर अंतरावर होती.

मातोश्रींनीं गोधडी उचलली आणि कांहीं न बोलतां बादलींत भिजत घातली. दोन दिवसांनीं देवापुढें वाती वळतां वळतां त्या म्हणाल्या, "अंथरूण घातलें तें मीं माणसाच्या लेकराला घातलें. या लेकरांना काय लागतें हें कुणाला विचारलेंच नाहीं."

तें विचारण्यासाठीं मग आम्ही पशुवैद्यांकडे गेलों. त्यांनीं जें समजावून सांगितलें त्याचा सारांश असा. कुत्रीचें पिलूं जन्मतें तें डोळे व कान मिटलेल्या स्थितींत. डोळे दहा ते चौदा दिवसांनीं उघडतात, कान त्याच सुमारास किंवा थोडे मागाहून. परंतु याहून मोठी उणीव निराळीच आहे. पहिले दोन-तीन आठवडे पिलास आपल्या शरीराची उष्णता स्वतः राखतां येत नाहीं. थंडी वाजली कीं आपलें अंग कांपतें व त्या कांपण्यानें ऊब निर्माण होते. ही सहजक्रियासुद्धां त्याला आरंभीं साधलेली नसते. मोठ्या कुत्र्याचें उष्णतामान साधारणतः १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतें, तर पहिल्या आठवड्यांतील पिलाचें ९५ ते ९९. आपली ऊब तें आईच्या पोटापासून, भावंडांपासून आणि जागेपासून उसनी घेत असतें. त्यांतून लहान जातीचें पिलूं म्हणजे अवघें शे-दीडशे ग्रॅमांचें. पातेल्यांतल्या चहापेक्षां वाटींतला चहा लवकर निवतो, त्याच न्यायानें तें फार लवकर निवतें. आणि तें निवलें कीं हृदयाची गति मंदावते, चोखण्याची शक्ति जाते, आंतड्यांचें चलन थांबतें. म्हणून अशा जिवांना आधीं उबेची गरज, मऊपणाची नव्हे. गोधडी मऊ होती. ज्या पिलाला तिनें आईपासून तोडलें त्याला मात्र ती ऊब देऊं शकली नाहीं.

सन २०२४ च्या जानेवारींत ठमी दुसऱ्यांदां विण्यास झाली तेव्हां आम्ही सावध होतों. कुत्रीचे दिवस सुमारें ६३, म्हणजे नऊ आठवडे. त्यांपैकीं पंधरा दिवस शिल्लक असतांनाच जागा सिद्ध केली. जिन्याखालचा येण्याजाण्याचा कोपरा सोडून मागच्या खोलींतील अंधारा, दारा-खिडकीच्या झोतापासून दूर असा कोपरा निवडला. सुताराकडून अडीच फूट लांब व दोन फूट रुंद अशी लांकडी पेटी करवून घेतली. माप ठरविण्याची रीति सोपी आहे: कुत्री पाय पसरून सरळ निजली पाहिजे आणि तिला सहज वळतां आलें पाहिजे, याहून फार मोठी जागा असूं नये, नाहीं तर पिलें दूर जातात. तीन बाजूंच्या भिंती सव्वा फूट उंच ठेवून पुढें सहा इंचांचा उंबरा केला. ठमी तो ओलांडी, पिलांना तो गड वाटे. आंतून भिंतींना लागून, तळापासून तीन इंच उंच व भिंतीपासून तीन इंच पुढें, एक गोल काठी सभोंवार बसविली. आई भिंतीस पाठ टेकून बसली तर मागें राहिलेलें पिलूं चिरडत नाहीं; काठीखालच्या पोकळींत तें वांचतें. शहाबादी फरशीचा गारवा वर येऊं नये म्हणून पेटीखालीं दोन पट्ट्या ठोकल्या. लांकडास रंग मुळींच दिला नाहीं, कारण कुत्री तें चाटते व कुरतडते.

अंथरुणाविषयीं तर आम्ही आतां फार काटेकोर झालों होतों. प्रत्यक्ष विण्याचे वेळीं जुन्या वर्तमानपत्रांचे थर असावेत. ते उकरले, फाडले तरी हानि नाहीं, आणि भिजलेला थर काढून टाकतां येतो. विणें आटोपल्यावर मात्र नुसता कागद ठेवूं नये. पिलें पायांनीं रेटा देऊन आईकडे सरकतात. गुळगुळीत कागदावर त्यांचे पाय निसटतात. यासाठीं जाड सुती चादरीचा एकेरी पदर तळाच्या सुट्या फळीवर ताणून बसवावा व त्याच्या कडा फळीखालीं खोंचाव्या. घडी नाहीं, सुरकुती नाहीं, लोंबतें टोंक नाहीं. अशीं दोन-तीन पांघरुणें धुऊन हाताशीं असावीं.

आतां उबेविषयीं. पहिल्या आठवड्यांत पिलें जेथें निजतात त्या जागेचें उष्णतामान ८५ ते ९० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें ३० ते ३२ सेल्सिअस, असावें. पुढें दर आठवड्यास थोडें थोडें उतरवीत चौथ्या आठवड्यास ७५ वर आणावें. परंतु सबंध पेटी तापवूं नये. अर्धी बाजू उबदार व अर्धी साधी ठेवावी, म्हणजे आईस उकडलें तर तिला बाजूस होतां येतें आणि पिलेंहि सरकूं शकतात. आम्हीं गरम पाण्याची रबरी पिशवी दुहेरी टॉवेलांत गुंडाळून एका बाजूस ठेवली व दर दोन-तीन तासांनीं पाणी बदललें. पाणी कढत नसावें. नवजात कातडी फार लवकर भाजते. पिलांच्या पातळीवर एक साधा तापमापक बांधला. पण खरा तापमापक म्हणजे तीं पिलेंच. एकावर एक ढीग करून कुरकुरत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. परस्परांपासून लांब, कडेकडेला धापा टाकीत पडलीं असतील तर उकडतें आहे. शेजारीं शेजारीं निजून झोंपेंतच मधून मधून अंग उडवीत असतील तर सर्व ठीक आहे असें समजावें.

एका प्रेमळ शेजारीणबाईंनीं सुचविलें कीं, खोलींत निखाऱ्यांची शेगडी ठेवून ओवा-शेपांची धुरी द्यावी. सूचना आपुलकीची, परंतु घातक. बंद खोलींत कोळसा जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु सांचतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो निजलेल्यास जागें होऊं न देतां मारतो. कुत्रीच्याच काय, माणसाच्या बाळंतिणीच्या बंद खोलींतहि पेटती शेगडी ठेवूं नये, हें या निमित्तानें आम्ही आग्रहानें सांगतों.

इतकी सिद्धता झाली, आणि ठमीनें पेटीकडे पाठ फिरविली! ती जाऊन बसे कपाटाखालीं. येथें मातोश्रींचें कोंकणांतलें माहेर कामास आलें. त्या म्हणाल्या, "अरे, विणारें जनावर आडोसा शोधतें आणि ओळखीचा वास शोधतें. तुझी पेटी नवी कोरी आहे." त्यांनीं पेटीवर अर्ध्या भागापुरती चादर पांघरली, आंत आपलें अंगावरचें एक जुनें पातळ पसरलें आणि रोज सायंकाळीं त्या पेटीशेजारीं पोथी घेऊन बसूं लागल्या. चौथ्या दिवशीं ठमी आपण होऊन आंत जाऊन निजली. विण्याची वेळ येतांच तें पातळ काढून घेतलें.

शेवटच्या आठवड्यांत दिवसांतून दोनदां गुदद्वारीं तापमापक लावून पाहावें, असें वैद्यांनीं सांगितलें होतें. उष्णतामान ९९ च्या खालीं उतरलें कीं साधारणतः चोवीस तासांत कुत्री विते. भोगीच्या दिवशीं सकाळीं तें ९८.६ भरलें. ठमीनें बाजरीच्या भाकरीकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. धापा टाकीत ती कागद उकरूं लागली. रात्रीं अकरा ते तीन या वेळांत चार पिलें झालीं. पिलूं पातळ पडद्याच्या पिशवींत येतें. आई ती फाडते, नाळ तोडते व चाटून चाटून श्वास सुरू करते. मिनिट-दीड मिनिटांत तिनें तसें न केलें तरच आपण स्वच्छ हातांनीं पडदा फाडावा, तोंड पुसावें आणि टॉवेलानें अंग चोळावें. एरव्हीं आपण दिवा मंद करून स्वस्थ बसावें.

स्वस्थ बसावें, परंतु बेसावध नव्हे. जोराच्या कळा अर्धा तास चालूनहि पिलूं न येणें. आंत आणखी पिलें असतां दोन तासांहून अधिक खंड पडणें. पहिल्या पिलाआधींच हिरवट स्राव होणें. उष्णतामान उतरून चोवीस तास लोटले तरी कांहींच न घडणें. यांपैकीं कांहींहि दिसल्यास क्षणाचाहि विलंब न लावतां पशुवैद्यांकडे जावें. लहान जातींच्या कुत्र्यांना शस्त्रक्रियेनें सोडवावें लागण्याचे प्रसंग येतात. रात्रीं कोणाकडे जावयाचें हें आधींच विचारून, दूरध्वनीचा क्रमांक भिंतीवर चिकटवून ठेवावा.

संक्रांतीच्या पहाटे आमची खरी परीक्षा झाली. चौघांतील सर्वांत लहान पिलूं, जेमतेम ऐंशी ग्रॅमांचें, भावंडांनीं लोटून कडेला पडलेलें दिसलें. हातीं घेतलें तों गार. आवाज अगदीं बारीक. मातोश्रींनीं तत्काळ दूध कोमट केलें आणि कापसाचें बोळें वळलें. भुकेल्या पोराच्या तोंडीं दूध घालणें यासारखी स्वाभाविक गोष्ट दुसरी कोणती? परंतु हीच मोठी चूक ठरली असती. निवलेल्या पिलाचीं आंतडीं चालत नाहींत. पोटांत गेलेलें दूध पचत नाहीं, श्वासनलिकेंत उतरण्याचेंहि भय असतें. शिवाय गाईच्या दुधापेक्षां कुत्रीचें दूध स्निग्धांशानें व प्रथिनांनीं कितीतरी घट्ट असतें. आधीं ऊब, मग दूध! आम्हीं वैद्यांस दूरध्वनि केला आणि त्यांच्या सांगण्यावरून पिलूं सदऱ्याच्या आंत, छातीशीं उघड्या अंगास लावून धरलें. कढत पाण्यांत बुडविणें किंवा शेकोटीशीं धरणें वर्ज्य. ऊब हळूहळूच परत आली पाहिजे. मातोश्री हातांत बोळें धरून समोर बसल्या होत्या. तें खालीं ठेवणें त्यांना किती जड गेलें असेल! तासाभरानें छातीशीं कांहीं हालचाल जाणवली; पिलूं तोंड लावण्यास जागा शोधूं लागलें. तेव्हां त्याला ठमीच्या मागच्या, भरल्या आंचळास लावलें. पहिल्या दिवसाचें हें दूध म्हणजे चीक. आपण गाईच्या चिकाचा खरवस आवडीनें खातों, पण पिलाला रोगांशीं झगडण्याची पहिली शिदोरी त्यांतूनच मिळते, व ती पहिल्या चोवीस तासांतच अंगीं लागते.

पुढें रोज स्वयंपाकघरांतील काट्यावर चारी पिलांचें वजन करून दिनदर्शिकेवर टिपलें. सात ते दहा दिवसांत वजन दुप्पट व्हावें. एक दिवस जरी तें घटलें तरी चौकशी करावी. आईवरहि लक्ष असावें. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत, दूध भरपूर असतां, लहान जातीच्या कुत्रीच्या रक्तांतील कॅल्शियम एकाएकीं घटण्याचा संभव असतो. ती कांपूं लागली, ताठ पायांनीं चालूं लागली किंवा तिला ताप भरला तर तो तांतडीचा प्रसंग समजावा. मात्र या भयानें गाभणपणांत आपल्या मतानें कॅल्शियमच्या गोळ्या देऊं नयेत; त्यांनीं उलट अपाय होतो.

आठ आठवडे पुरे झाल्यावर चारी पिलें ओळखीच्या घरीं गेलीं, आणि त्यानंतर ठमीची शस्त्रक्रिया करून घेतली. दोन बाळंतपणें तिला पुरेत, असें मातोश्रींनींच ठरविलें. लांकडी पेटी सध्यां आमच्या एका स्नेह्यांकडे आहे. त्यांची कुत्री येत्या महिन्यांत विणार आहे. पेटी नेण्यास ते आले तेव्हां त्यांच्या घरच्या बाईंनीं हौसेनें शिवलेली एक इवलीशी गोधडीहि दाखविली. मातोश्रींनीं ती हातांत घेतली, टांक्यांची तारीफ केली, आणि म्हणाल्या, "पिलांचे डोळे उघडून तीं चालूं लागलीं म्हणजे घाला हो. तोंवर नको." मग का नको, तें त्यांनीं त्या बाईंना जवळ बसवून पहिल्यापासून सांगितलें.