मैफल पडद्यावरची, हक्क कोणाचा?

टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेच्या ‘इराज टूर’ या कार्यक्रमाचा चित्रपट ३ नोव्हेंबर २०२३ रोजी भारतातील चित्रगृहांत लागला. तिच्या त्या जगदौऱ्यात भारताचे नावही नव्हते. तेव्हा आपल्याकडील तरुण-तरुणींनी पावणेतीन तासांच्या त्या चित्रपटालाच कार्यक्रम मानले. खुर्च्या सोडून ती गायली, नाचली. जी बाई समोर नाही तिच्यासाठी टाळ्या कसल्या वाजवायच्या, असा प्रश्न यावर अनेक वडीलधाऱ्यांना पडला असेल. परंतु १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ पाहताना पायताण बाहेर काढून पडद्यावर नाणी उधळणारे आणि २०१६ साली ‘सैराट’च्या गाण्यावर पडद्यापुढे जाऊन नाचणारे प्रेक्षक आपल्यातलेच होते. तेव्हा या उन्मादाला पाश्चात्त्य खूळ म्हणण्याचा अधिकार आपल्याला फारसा उरत नाही. मंगळागौरीलाही न नाचणाऱ्या एखाद्या काकू २०२३ मध्येच ‘बाईपण भारी देवा’ पाहताना चित्रगृहात नाचल्या असतील, तर त्यांना कोण काय म्हणणार?

विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. हा चित्रपट काढला कोणी आणि त्याचा पैसा गेला कोणाकडे? या गायिकेच्या पहिल्या सहा ध्वनिमुद्रिकांच्या मूळ मुद्रणांची मालकी २०१९ साली परस्पर तिसऱ्याच्या हाती गेली होती. त्यावर तिने तीच गाणी पुन्हा मुद्रित करण्याचा सपाटा लावला. त्या अनुभवातून शहाणी होऊन तिने ऑगस्ट २०२३ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या प्रयोगांचे चित्रण स्वतःच करवून घेतले, आणि हॉलीवूडच्या मोठ्या कंपन्यांना वगळून चित्रगृहांच्या एका साखळीशी थेट करार केला. जगभरात त्या चित्रपटाने २६ कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला. तिच्या गाण्याविषयी कोणाचे मत काहीही असो, आपल्या कलेचा कॅमेरा कोणाच्या हाती असावा हे तिने ठरवले, एवढे खरे.

आता राहूकडे वळू. भीमा आणि मुळा-मुठा यांच्या बेचक्यातील हा उसाचा आणि गुऱ्हाळांचा मुलूख. मुळा-मुठा ओलांडून पुणे-सोलापूर रस्त्याला लागले की चौफुला येते. तेथील कलाकेंद्रांत लावणीची बारी रंगते. जत्रेच्या हंगामात तमाशाचे फड गावोगाव फिरतात. तेथे काय दिसते? बोर्डावर एक कलावंत, आणि समोर शेकडो उंचावलेले मोबाइल. प्रयोग संपण्यापूर्वीच त्याचे तुकडे परमुलखात पोचलेले असतात. त्यावर कोणाच्या तरी खात्यात चार पैसे जमा होत असतील. नाचणारीच्या खात्यात मात्र नाही. त्याच २०२३ सालात महाराष्ट्रात एका लोकप्रिय नृत्यांगनेचे कपडे बदलतानाचे चित्रण कोणीतरी चोरून केले आणि ते सर्वत्र पसरले. त्याबद्दल पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागला. मालकी नसलेला कॅमेरा कोठवर जातो, याचे यापेक्षा विदारक उदाहरण नको.

वास्तविक कायदा कलावंताच्या विरुद्ध नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली कलावंताच्या प्रयोगावरील हक्काला स्थान मिळाले, आणि २०१२ च्या दुरुस्तीने तो अधिक स्पष्ट झाला. त्यातील ‘कलावंता’च्या व्याख्येत गायक आणि नर्तक तर आहेतच, जादूगार आणि गारुडीही आहेत. गारुड्याची आठवण ठेवणाऱ्या कायद्याला लावणीवाली अपरिचित आहे, असे कोण म्हणेल? स्वतःपुरते चित्रण करण्यास कायद्याची हरकत नाही. परंतु ते जाहीरपणे दाखवायचे तर कलावंताची संमती हवी. हा हक्क पन्नास वर्षे टिकतो, आणि चित्रपटाचा व्यापारी वापर झाला तर त्यातील मानधनाचा वाटाही कलावंताला मिळतो.

विठाबाई नारायणगावकर २००२ साली गेल्या. त्यांच्या नावाने राज्य शासन दरवर्षी जीवनगौरव पुरस्कार देते, हे योग्यच. पण विठाबाईंची एक संपूर्ण रात्र, गणापासून वगापर्यंत, पुण्याच्या एखाद्या चित्रगृहात तिकीट काढून पाहावी असे आज एखाद्या विद्यार्थ्याला वाटले, तर आपण त्याला कोठे पाठवणार? सांस्कृतिक कार्य संचालनालयाने आजच्या चार नामवंत फडांच्या पूर्ण रात्रींचे चित्रण करावे, ते चित्रगृहांत लावावे आणि उत्पन्नाचा हिस्सा फडाला बांधून द्यावा. राहूच्या माणसाला अमेरिकन गायिका पडद्यावर पाहता येते. शेजारच्या चौफुल्याची बारी तशी पाहता येऊ नये, याला काय कारण आहे?

शासनाची वाट न पाहता एक गोष्ट मात्र आजही करता येईल. जत्रेची सुपारी ठरते तेव्हा बहुतेक गावांत एक कागद होतो : तारीख, बिदागी, मांडव, जेवणखाण. चित्रण कोण करणार आणि ते कोठे दाखवणार, याची एक ओळ त्यात घालता येते. तो कागद लिहायला यात्रा कमिटी बहुधा शाळेच्या गुरुजींना, नाहीतर ग्रामपंचायतीच्या लेखनिकालाच बसवते.