नागासाकीत मुक्काम कुठे करावा?

परक्या गावात आपण कुठे उतरतो, यावर ते गाव आपल्याला कसे दिसते हे बरेचसे ठरते. नागासाकीला हे विशेष लागू आहे. कारण परक्याला कुठे उतरू द्यायचे, या प्रश्नानेच या बंदराचा इतिहास घडवला.

पोर्तुगीजांना वेगळे ठेवण्यासाठी १६३६ मध्ये देजिमा हे पंख्याच्या आकाराचे कृत्रिम बेट बांधले गेले. त्यांच्या हकालपट्टीनंतर १६४१ मध्ये डच व्यापारी तिथे आणले गेले आणि दोन शतकांहून अधिक काळ जवळजवळ नजरकैदेत राहिले. चिनी व्यापाऱ्यांसाठी १६८९ मध्ये निराळी बंदिस्त वस्ती झाली. १८५९ मध्ये बंदर खुले झाल्यावर युरोपीयांनी दक्षिणेच्या टेकड्यांवर बंगले बांधले. ग्लोव्हर यांचे १८६३ चे घर आजही उभे आहे. ते वाचले, कारण ९ ऑगस्ट १९४५ चा अणुबॉम्ब उत्तरेकडच्या उराकामी खोऱ्यावर फुटला आणि मधल्या डोंगरांनी दक्षिणेला आडोसा दिला. उराकामीला आडोसा नव्हता. बंदीच्या काळात अडीच शतके लपून धर्म जपणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांच्या वंशजांची ती वस्ती.

आज पुष्कळ प्रवासी इथे मुक्कामच करत नाहीत. हाकाताहून दीडेक तासात येता येते. अणुबॉम्ब संग्रहालय पाहून संध्याकाळी परत! त्या दर्शनाचे मोल कमी नाही. पण त्यातून शहर म्हणजे एक तारीख, एवढेच हाती लागते. आणि ज्या शहराची केवळ तारीख उरते, तिथे मेलेल्यांना आयुष्य होते याचाही विसर पडतो.

काझुओ इशिगुरो यांचा जन्म इथलाच, १९५४ चा. त्यांच्या पहिल्या कादंबरीत (१९८२) युद्धोत्तर नागासाकी आहे, मात्र बॉम्ब बहुतांशी समासात आहे. नव्या इमारतीत राहणारी एक स्त्री आणि समोरच्या जुन्या घरातून अमेरिकेला निघू पाहणारी दुसरी, यांच्यामधल्या अंतरातून संहार जाणवत राहतो. राहायचे कुठे, हाच तिथलाही प्रश्न.

म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने इथे किमान दोन रात्री राहावे. स्थानकाजवळची हॉटेले सोयीची खरी; तरी माझी पसंती दक्षिणेच्या ओउरा भागाला. सामान हलके हवे, कारण चढ आणि पायऱ्या फार. ७ ते ९ ऑक्टोबरच्या कुन्ची उत्सवात जायचे तर खोली फार आधी ठरवावी. सकाळी ट्रॅमने, वाटेत एकदा गाडी बदलून, उराकामीला जावे. भरावामुळे आता जमिनीने वेढलेले देजिमा वाटेतच लागते. वाचलेल्या शहरातून निघून बेचिराख झालेल्या आणि पुन्हा उभ्या राहिलेल्या शहरात पोचण्याचा हा प्रवास कोणत्याही टिपणापेक्षा अधिक शिकवून जातो.