खारीची चाई

रविवारची सकाळ. एका हातात चहा, दुसरा हात खारीच्या मानेवर. खारी म्हणजे आमची मांजर. रंग थेट बेकरीतल्या खारीचा, आणि सोफाभर चुरा पाडायची सवयही तीच. फक्त हा चुरा केसांचा! तर मान खाजवता खाजवता माझं बोट डाव्या कानामागे एका जागी थबकलं. रुपयाच्या नाण्याएवढी जागा, आणि तिथे केसच नाहीत. खाली नुसती करडी कातडी, कडेला थोडा कोंडा.

मग मी काय केलं? फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. आपण अजून काय करतो!

खरं तर खारीच्या केसांवरून घाबरायची ही दुसरी वेळ. ती नवीन आली तेव्हा तिच्या डोळ्यांच्या वर, कानांच्या पुढे केस फारच विरळ दिसले म्हणून मी डेडलाइन सोडून डॉक्टरांकडे पळाले होते. डॉक्टर हसले होते. डोळा आणि कान यांच्या मधल्या पट्ट्यात मांजरांचे केस मुळातच पातळ असतात. दोन्ही बाजूंना सारखे, कातडी स्वच्छ, खाज नाही, म्हणजे काळजी नाही. माझा पुरता पोपट झाला होता. त्यामुळे या वेळी ठरवलं, उगाच धावायचं नाही. नेमकं इथेच चुकलं.

पहिलं निदान आईचं, फोनवरून. "अगं, चाई पडली असेल. तुझ्या काकांच्या दाढीत नव्हती का पडली?" शब्द अगदी चपखल, पण फक्त दिसण्यापुरता. माणसांना पडते ती चाई म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते तो प्रकार. मांजरांमध्ये तो क्वचित. मांजराच्या अंगावर टक्कल दिसलं तर कारण बहुतेक वेळा वेगळंच निघतं.

दुसरं निदान ग्रुपवरून, एकमतानं पास झालेलं: टेन्शन! माझ्या रूममेटला ऐरोलीच्या ऑफिसात नुकतीच नाइट शिफ्ट लागली होती. घरात दिवसा पडदे बंद, रात्री कुणी नाही. खारीचं टाइमटेबल विस्कटलेलं. मला हे लगेच पटलं. आपल्या पिढीचं सगळं टेन्शननंच तर होतं. ॲसिडिटी टेन्शननं, पाठदुखी टेन्शननं, बाथरूमच्या जाळीवर अडकलेले केसही टेन्शननं. मग मांजरीचे का नाही?

रूममेट एकटीच म्हणाली, "एकदा दाखवून ये ना. काही लागट असलं तर?"

"अगं, तुझी शिफ्ट बदलली ना, म्हणून ते," मी म्हटलं. बिल परस्पर तिच्याच नावावर फाडून मोकळी!

त्या टेन्शन थिअरीबद्दल नंतर वाचलं तेव्हा ओशाळले. मांजरं मानसिक ताणानं स्वतःला चाटून चाटून केस काढतात हे खरं. पण 2006 साली अमेरिकन पशुवैद्यकांच्या जर्नलमध्ये एक छोटासा अभ्यास आला होता. 21 मांजरं, आणि सगळ्यांचं कारण 'मानसिक' असणार असं गृहीत धरलेलं. नीट तपासण्या केल्या तेव्हा 16 मांजरांमध्ये शारीरिक कारण निघालं. 3 मध्ये दोन्ही. निव्वळ मानसिक फक्त 2!

मग आपण फसतो का? कारण मांजर कुत्र्यासारखी फराफरा खाजवत बसत नाही. तिला खाज आली की ती चाटते. तिची जीभ म्हणजे कंगवाच. 2018 साली जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी दाखवलं की त्या जिभेवरचे काटे टोकाशी पळीसारखे पोकळ असतात आणि लाळ थेट कातडीपर्यंत पोचवतात. अशा जिभेनं तासन्‌तास एकाच जागी काम केलं तर केस तुटणारच. आणि हा उद्योग बऱ्याचदा आपण घरात नसताना चालतो. आपल्याला वाटतं, किती स्वच्छ राहते गं बाई!

तर टेन्शन म्हणून मी वाट बघितली. वाट बघताना हात गप्प बसवेनात म्हणून ड्रॉवरमधली एक ट्यूब काढून लावली. प्रत्येक घरात ती असतेच. खाज, पुरळ, नायटा, डास चावला, सगळ्यावर चालते अशी आपली समजूत. चार दिवसांत कडेचा लालसरपणा गेला. मी स्वतःवर खूश. दहाव्या दिवशी पुढच्या पंजावर दुसरा चट्टा.

या 'सबकुछ' ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. ते सूज आणि लाली दाबतं, पण कारण बुरशी असेल तर तिला मोकळं रान मिळतं. माणसांमध्ये या ट्यूबांनी इतका गोंधळ घातला की 2018 साली केंद्र सरकारनं 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. शिवाय मांजरीला लावलेलं काहीही पाच मिनिटांत तिच्या पोटात जातं, हे वेगळंच.

आणि मग तो सोमवार. सकाळी आठची वेळ, शिफ्ट संपवून आलेली रूममेट दारातच उभी. तिनं कुर्त्याची बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला एक लाल, गोल कडं. मधे साफ, कडेला पुरळ. खारी रोज दुपारी बरोबर तिथेच डोकं ठेवून झोपायची.

"तीन आठवड्यांपूर्वी मी काय म्हटलं होतं?"

मी गप्प. ती आंघोळीला गेली. मी खारीची टोपली काढली.

डॉक्टरांनी औषधाआधी प्रश्नच विचारले. कधीपासून? खाजवते की नाही? बाहेर जाते? घरात दुसरा प्राणी? आणि शेवटी, "घरात कुणाला खाज?" मी रूममेटचं कडं सांगितलं. त्यांनी मान हलवली, खोलीतला दिवा घालवला आणि एक जांभळट दिवा पेटवला. वूड्स लॅम्प. लाकडाचा काही संबंध नाही हं, रॉबर्ट वूड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाचं नाव ते. त्या उजेडात खारीच्या चट्ट्याच्या कडेचे केस मुळाशी हिरव्या सफरचंदासारखे चमकले. एरवी दिसायला सुंदर वाटलं असतं.

"गजकर्ण," डॉक्टर म्हणाले. आपला नायटा. इंग्रजीत रिंगवर्म म्हणतात, पण त्यात वर्म कुठलाच नाही, ती बुरशी. मांजरांत बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची. 'कॅनिस' म्हणजे कुत्र्याची, पण तिचं हक्काचं घर मांजर. दिवा चमकला म्हणजे संशय पक्का होतो. नाही चमकला म्हणून सुटलो असं मात्र नाही. म्हणून त्यांनी चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले आणि काही कल्चरला लावले. त्यातलं माध्यम पिवळ्याचं लाल होतं. कल्चरचा निकाल यायला दोन-तीन आठवडेही लागू शकतात, पण दिवा आणि सूक्ष्मदर्शक दोन्हींनी तेच सांगितल्यामुळे उपचार लगेच सुरू झाले.

"पण ही तर घराबाहेर जातच नाही," मी म्हटलं.

"तुम्ही जाता ना?"

मला स्टेशनजवळच्या टपरीमागची पिल्लं आठवली. रोज संध्याकाळी बिस्किट घेऊन त्यांच्यात बसणारी मी. त्यातल्या एकाच्या नाकावर खपली होती. मी ते मांडीवर घ्यायचे, आणि तीच जीन्स घालून घरी येऊन खारीला घ्यायचे. बुरशीचे बीजाणू केसांवर, कपड्यांवर, कंगव्यावर बसून प्रवास करतात. खारी कुठेच गेली नव्हती. बहुधा मीच ते घरी आणलं होतं. रूममेटच्या शिफ्टचा काडीचा संबंध नव्हता.

दर वेळी गजकर्णच असतं असंही नाही बरं का. शेपटीच्या मुळाशी आणि पाठीवर केस विरळ झाले असतील तर आधी पिसवांचा संशय घ्यायचा. आपल्याकडच्या दमट हवेत त्या वर्षभर नांदतात, आणि ॲलर्जी असलेल्या मांजरीला मोजके चावेही पुरतात. फणीनं केस विंचरा, पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा. लालसर डाग उतरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. कानांच्या कडांना जाड खपल्या आणि भयंकर खाज असेल तर खरूज असू शकते. पोटावरचे केस चाटून काढत असेल तर ॲलर्जी, नाहीतर आत कुठेतरी दुखणं, उदाहरणार्थ मूत्राशयाचं. या सगळ्यांचे चट्टे फोटोत सारखेच दिसतात. माझ्या ग्रुपची तरी काय चूक?

आणि एक गोष्ट लिहून फ्रिजवर लावा. कुत्र्यांसाठीचं पिसवांचं औषध मांजरीला कधीही लावायचं नाही. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं आणि ते मांजरीच्या जिवावर बेततं. टी ट्री ऑइलही नको. 'नॅचरल' म्हणजे निरुपद्रवी नव्हे.

घरी येऊन आईला कळवलं. ती क्षणभर थांबून म्हणाली, "मग सोडून दे ना मासळी बाजाराजवळ. खाऊनपिऊन सुखी राहील. त्या परक्या पोरीला त्रास कशाला?"

आईला दुष्ट म्हणू नका. खूप घरांत अशा चट्ट्यानंतर हेच होतं. एका सकाळी टोपली भरली जाते आणि परत येताना रिकामी असते. पाळीव प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पण त्या दिवशी मला कायदा नाही, आईचं शेवटचं वाक्य टोचलं. निर्णय खरंच माझा एकटीचा नव्हता. हात तिचा होता, आणि अर्धं भाडंही.

संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. टपरी, पिल्लं, जीन्स, ट्यूब, आणि शिफ्टवर फाडलेलं बिल. म्हटलं, तुला नको असेल तर खारीला घेऊन मी महिनाभर दुसरीकडे राहते. ती बराच वेळ पंख्याकडे बघत होती. मग म्हणाली, "स्किनवाल्यानं मला क्रीम दिलंय, तीन-चार आठवड्यांत जाईल म्हणाला. मला राग कड्याचा नाहीये. तू ऐकलं नाहीस त्याचा आहे." थोड्या वेळानं, "झाडू कोण मारणार? मी नाही."

मी. रोज. गजकर्णात औषधाइतकंच काम झाडूचं. पोटातलं औषध (आमच्याकडे एक आठवडा चालू, एक आठवडा सुट्टी, असली शिफ्ट आपल्याला कधी मिळणार?), आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू, आणि घराची सफाई. बीजाणू कोरड्या जागी दीड वर्षसुद्धा तग धरू शकतात हे वाचून मी सोफा जाळायच्या बेतात होते. पण 2017 साली जगभरच्या प्राणी-त्वचातज्ज्ञांनी एकत्र येऊन जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती धीर देणारी आहेत. मुख्य काम सडलेले-गळलेले केस आणि धूळ काढण्याचं. फरशी साबणाच्या पाण्यानं धुवायची, मग जंतुनाशक. चादरी मशीनला दोनदा. जाळपोळ नको. खारीला काही दिवस एकाच खोलीत ठेवलं, पण एकटं टाकलं नाही. हात धुवायचे, बाहेरचे कपडे बदलायचे, बस्स. धडधाकट मांजरीचं गजकर्ण काही महिन्यांत आपोआपही जातं, पण तेवढ्यात ती घरभर वाटून मोकळी होते. घरात तान्हं बाळ, म्हातारी माणसं किंवा कमी प्रतिकारशक्तीचं कुणी असेल तर अजिबात थांबू नये.

जवळ नीट सोय नसेल तर परळ आहेच. नेरूळहून हार्बरनं कुर्ला, तिथून सेंट्रलनं परळ. 1886 पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं हॉस्पिटल, दोन्ही तिथेच.

पाचव्या आठवड्यात खारीच्या कानामागे मखमलीसारखी लव आली. औषध तेव्हाच बंद करायचा मोह झाला होता. केस आले म्हणजे बुरशी गेली असं नसतं, म्हणून तपासणी स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवलं. रूममेटच्या कोपराशी आता फक्त फिकट डाग आहे. मी टपरीमागे अजूनही जाते, पण बिस्किट लांबून देते. त्या खपलीवाल्या पिल्लाला एका टोपलीत घालून डॉक्टरांना दाखवून आणलंय, त्याचंही औषध चालू आहे.

परवा दुपारी घरी आले तर पडदे बंद. रूममेट गाढ झोपलेली, आणि खारी पुन्हा तिच्या त्याच हातावर डोकं ठेवून. मी आवाज न करता आधी जीन्स बदलली.