लाल रेघ ‘नमस्कार’खाली का आली? एडिटरमधल्या ऑटो-कम्प्लीटची गोष्ट

फोनच्या कीबोर्डवर ‘काय’ टाइप केलं की वर ‘करतो’, ‘झालं’, ‘म्हणतो’ असे शब्द येतात. मराठीत येतात, आणि आपल्याला आता त्याचं काही वाटतही नाही. कोड लिहायच्या एडिटरमध्येही हेच असतं, त्याला कोड कम्प्लीशन म्हणतात. मागच्या दिवाळीत घाटंजीला मावशीकडे गेलो होतो, तेव्हा हे प्रकरण मला नव्याने कळलं.

माझा मावसभाऊ डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप नाही, 4 जीबी रॅमचा फोन आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये अजून नव्वदच्या दशकातलं टर्बो सी++ चालतं, म्हणजे सी++ चं पहिलं स्टँडर्ड 1998 साली यायच्या आधीचं. घरी तो फोनवरच्या एका ॲपमध्ये सराव करतो. मी विचारलं, कसं चाललंय? म्हणाला, “दादा, नेट गेलं का हा एडिटर मुकाच होते. आन मराठी लिहिलं का एरर देते. म्हणून मी मराठी काढूनच टाकली.”

नेट गेल्यावर मुका होतो, हे समजलं. ते ॲप एआयच्या सूचना सर्व्हरवरून आणत होतं. पण मराठी लिहिलं की एरर? सी मध्ये अवतरण चिन्हांच्या आत तुम्ही मराठी लिहा, तेलुगू लिहा, आजच्या कंपायलरला फरक पडत नाही. म्हणून म्हटलं दाखव. त्याने एक ओळ लिहिली: आधी ‘नमस्कार’, पुढे विद्यार्थ्याचं नाव छापायचं. लाल रेघ आली ती थेट ‘नमस्कार’मधल्या ‘का’खाली. खरी चूक पुढे होती, व्हेरिएबलच्या स्पेलिंगमध्ये.

हे कसं झालं ते सांगण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागायची. 10 एडिटर आणि 20 भाषा म्हणजे 200 वेळा तेच काम. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेनव्ही यांच्यासोबत लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. कल्पना सोपी आहे. भाषेचं ज्ञान एका वेगळ्या प्रोग्रॅममध्ये ठेवायचं, तो लँग्वेज सर्व्हर. एडिटर त्याला विचारतो, “या फाइलच्या अमुक ओळीत, अमुक जागेवर कर्सर आहे, इथे काय बसेल?” तो यादी देतो. चूक दिसली तर जागा सांगतो, एडिटर तिथे लाल रेघ ओढतो. आता 200 ऐवजी 30 कामं. नाव सर्व्हर असलं तरी तो तुमच्याच मशीनवर चालतो, नेट लागत नाही. सी आणि सी++ साठी क्लँगडी नावाचा सर्व्हर आहे, फुकट आहे.

आता ‘अमुक जागेवर’ या शब्दांकडे बघा, गोम तिथेच आहे. जागा मोजायची कशात? ‘नमस्कार’ मोजा: न, म, स, हलंत, क, काना, र. झाले 7. पण फाइल डिस्कवर यूटीएफ-8 मध्ये साठवली जाते आणि तिथे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, म्हणजे 21. इंग्रजी अक्षर मात्र 1 बाइट. प्रोटोकॉलचा मूळ नियम यूटीएफ-16 ने मोजायचा आहे, कारण तो व्हीएस कोडच्या घरात जन्मला आणि जावास्क्रिप्टची स्ट्रिंग यूटीएफ-16 असते. त्या हिशोबात ‘नमस्कार’ 7 च.

भावाच्या ओळीत अवतरण उघडेपर्यंत 8 जागा गेल्या होत्या. सर्व्हर म्हणाला, चूक 23 जागा सोडून आहे. बरोबर सांगितलं. ॲपने ते 23 बाइट समजले. 8 वजा करा, 15 उरतात, 3 ने भागा, 5. ‘नमस्कार’ची 5 चिन्हं सोडली की पुढचं काय? ‘का’चा काना. तिथे रेघ. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही चूक जन्मात दिसणार नाही, कारण त्याच्याकडे 1 अक्षर म्हणजे 1 बाइट आणि 1 च जागा. ॲप बनवणाऱ्याने बहुतेक इंग्रजीतच तपासलं असणार. आणि घाटंजीतल्या पोराने निष्कर्ष काढला की कोडमध्ये मराठी चालत नाही. माझा राग यावर आहे. दोष मोजणीचा, आणि हाकलली गेली भाषा.

2022 च्या 3.17 आवृत्तीपासून एडिटर आणि सर्व्हर सुरुवातीलाच ठरवू शकतात की यूटीएफ-8 ने मोजायचं की 16 ने. पण ठरवण्याची सोय असणं वेगळं आणि एडिटरने ती नीट पाळणं वेगळं. म्हणूनच हे काम कुठल्यातरी प्लगइनवर न सोडता एडिटरच्या आत यायला हवं, असं मला वाटतं. आणि सध्या तेच घडतंय. निओव्हिमने 2021 मध्ये 0.5 आवृत्तीत लँग्वेज सर्व्हरशी बोलायची सोय आत घेतली. ईमॅक्सने जुलै 2023 मध्ये 29 व्या आवृत्तीत एग्लॉट आत घेतलं. मार्च 2025 मध्ये निओव्हिम 0.11 आलं आणि सूचनांची यादी आपोआप उघडणंही आतच आलं. व्हिममध्येही 2025 मध्ये आपोआप शब्द सुचवण्याचा पर्याय आला, पण लँग्वेज सर्व्हरसाठी तिथे अजून प्लगइन लागतं.

भावाच्या फोनवर मी एफ-ड्रॉइडवरून टर्मक्स टाकलं, त्यात क्लँग आणि निओव्हिम. डाउनलोड मोठं आहे, वायफाय मिळालं तेव्हाच करा. एकदा झालं की फ्लाइट मोडमध्येही चालतं. पूर्वी यासाठी पाच-सहा प्लगइन जोडावे लागायचे, आता सेटिंगच्या फाइलमध्ये मोजक्या ओळी पुरतात. तरी एक तक्रार आहेच: आपोआप यादी उघडणं सुरुवातीला बंद असतं, ती ओळ स्वतः लिहावी लागते. फोनच्या कीबोर्डवर चौकटी कंस शोधत ती लिहून बघा, मग कळेल. नाही लिहिली तर कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ओ दाबायचं. टर्मक्समध्ये आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं की ते कंट्रोलचं काम करतं. भावाला हे सगळ्यात जास्त आवडलं.

कोणी म्हणेल, एआय असताना हे कशाला? गिटहब कोपायलट डिसेंबर 2024 पासून फुकटही मिळतं, महिन्याला 2,000 सूचना. मीही वापरतो. पण तो अंदाज करतो, लँग्वेज सर्व्हर तुमचा प्रोग्रॅम वाचून सांगतो. स्ट्रक्चरमध्ये नसलेलं नाव एआय बिनधास्त सुचवू शकतो, क्लँगडी सुचवत नाही. शिकणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे. आणि पावसाळ्यात घाटंजीत लाइट गेली की मागोमाग टॉवरही जातो, तेव्हा 2,000 काय नि 20,000 काय.

परवा भावाचा मेसेज आला. रेघ आता बरोबर जागी येते, ‘नमस्कार’ परत आला. पण टर्मक्समध्ये तो तुटका दिसतो, काना-मात्रा सुट्या. तो एडिटरचा दोष नाही. टर्मिनल स्क्रीनची एकसारख्या चौकोनांत वाटणी करतं, आणि आपली जोडाक्षरं चौकोनात बसत नाहीत. फाइल दुसऱ्या ॲपमध्ये उघडून बघ म्हटलं, अक्षरं नीट आहेत. त्याने बघितली. आहेत.